सेल चाखणारा मामा

कापडे गावचा गिटारवाला मामा सेल जिभेवर चाखून घेई. नऊ व्होल्टच्या चौकोनी सेलाला जीभ टेकवायची, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा, "ह्यो दोन हळदी काढील. ह्यो नवरी मांडवात यायच्या आदी जाईल." मामा दिसला की महाडचा दुकानदार सेलांचा खोका लपवी. आंबेनळी घाटातली लाईट कधी जाणार हेही त्या जिभेला कळे, असं मी चार गावांत सांगितलंय. कोणी खोटं म्हटलं नाही.

आमची हळदी-वरातीची बेंजो पार्टी. मी कीबोर्डवर. मामाच्या पायाशी जेवायचा पाट आणि त्यावर ठोकलेले तीन डबे. पायाने दाबले की गिटारचा आवाज बदले. एकातून घुमे, दुसऱ्यातून लाटेसारखा येई, तिसऱ्यातून भुंगा निघे. प्रत्येक डब्यात एक सेल. वाजवणं थांबलं की मामा आधी डब्यातली गिटारच्या वायरीची पिन उपसणार, मग घाम पुसणार. पिन आत राहिली की गिटार गप्प असली तरी सेल उतरत राहतो. "बैल उबा हाय म्हून जू मानेवर ठेवायचं व्हय?" असं तो विचारी. सख्ख्या भाचीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना, तिच्या मागे उभा असलेला हा मामा पिन काढायला पळाला होता. वऱ्हाडाला वाटलं, मामा रुसला.

मग एका वरातीत, ऐन नाचात, सेल गेला आणि गिटार मुकी झाली. त्या दिवशी मामाला तोंड आलं होतं, असं मी म्हणतो. पार्टीचे मालक सलीमभाई म्हणाले, सेल संपला, बस्स. त्यांनी मुंबईहून सेलांऐवजी लाईटवर चालणारा पॉवर सप्लाय आणला. एक डबी आणि तिला वायरींच्या तीन शेपट्या, दर डब्याला एक.

"मामा, आता हाच लावायचा. नायतर मला दुसरा गिटारवाला बघावा लागेल."

मामाला पार्टी सोडवत नव्हती. शेतात तो हसलेला त्याच्या बैलांनीही कधी पाहिला नव्हता. त्याने मुकाट्याने शेपट्या लावल्या.

पुढची हळद बिरवाडीत होती. जनरेटर सुरू झाला आणि स्पीकरातून गिटारमागे बारीक घरघर लागली. नाचणाऱ्यांना तिचा पत्ता नव्हता. मामा मात्र दाढ दुखत असल्यासारखा वाजवत होता. हळद संपल्यावर त्याने पाट काखेत मारला.

"कोणाला ऐकू येतंय, मामा?" सलीमभाई म्हणाले.

"मला येतंय ना. मी काय मानसात नाय?"

तो परत आला नाही.

नवा गिटारवाला स्वतःचे तसलेच तीन डबे घेऊन आला, सप्लाय तोच राहिला. आणि ती घरघर आम्हाला ऐकू यायला लागली. आधी मला, मग सलीमभाईंना. परवा पोलादपुरात नवरदेवाला हळद लावून बसवलेलं असताना सलीमभाईंनी मामाला फोन लावला आणि स्पीकरसमोर धरला.

"मामा, येतेय का?"

"येतेय. भुंग्याची शेपटी काढ. त्यात सेल घाल."

घातला. फोन पुन्हा धरला. वऱ्हाड खोळंबलं, नवरदेवाच्या गालावरची हळद वाळून तडकली. पलीकडे मामा ऐकत होता.

"आता?"

"आता वाजवा," मामा म्हणाला. फोन मात्र त्याने ठेवला नाही.

सलीमभाईंनी स्पीकरसमोर एक खुर्ची मांडली आणि तिच्यावर तो चालू फोन ठेवला. हळद संपेपर्यंत त्या खुर्चीवर त्यांनी कोणाला बसू दिलं नाही.