मामांच्या नावाची फाइल

ऐक गं पोरी, फोन कानाला नीट लाव, तुझा कान पकडायचाय. माझ्या ओव्यांची सगळी रेकॉर्डिंगं ओळीनं जोडणारी कम्प्युटरची स्क्रिप्ट पुण्याहून पाठवलीस, लई गुणाची भाची! पण त्या फाइलीला तुझ्या मामांचं नाव? लग्नाला चाळीस वर्षं झाली, म्या ते नाव कधी तोंडातून काढलं न्हाय, ठाऊक हाय ना तुला?

माझी जात्यावरची जोडीदारीण परवा लेकाकडं कायमची निघाली होती. भूमच्या स्टँडवरून अकराची एसटी. आमच्या दोघींच्या ओव्या पेनड्राइव्हात भरून तिच्या हातात द्यायच्याच होत्या.

दहाला लॅपटॉप उघडला. तू लिहून ठेवलेल्या वहीत बघून कमांड द्यायच्या काळ्या खिडकीत टिंब दिलं, तिरपी रेघ दिली. पुढं नाव कसं लिहू? लिहिलं ‘अहो’. तर म्हणे, अशी फाइलच न्हाय!

मामा शेंगा फोडत बसले होते, हसून हसून खोकला लागला त्यांना. “सरक, माझं मी लिहितो.” एका बोटानं नाव लिहिलं, पण टिंब-रेघ विसरले. कमांड सापडत न्हाय!

“बघा, वळखत न्हाय तुम्हाला. टिंब म्हणजे ‘इथंच’. माणूस इथलाच हाय हे सांगावं लागतं.”

टिंब-रेघ लावली. आता म्हणे, परवानगी न्हाय.

“माझ्याच घरात मला परवानगी न्हाय व्हय!” असं म्हणत मामांनी चपला घातल्या. “मी एसटी धरून ठेवतो, तू आटप.”

वहीत उपाय होता: सीएचमॉड, अधिकचं चिन्ह, एक्स. म्हणजे फाइलीला चालायची मुभा. आणि पुढं परत नाव! घरात मी एकटीच. मग पदर सावरला आन् म्हटलं,

“टिंबाशेजारी तिरपी रेघ, काळ्या खिडकीचं गाव,
फाइल माझी चालंना, म्हणून घेते रावांचं नाव!”

आन् डोळे मिटून लिहिलं की! एकदा मुभेला, एकदा चालवायला. भराभरा ओळी धावल्या. पेनड्राइव्ह भरला, मीबी धावले.

स्टँडवर मामा एक पाय एसटीच्या पायरीवर ठेवून कंडक्टरला गप्पांत गुंतवत होते. जोडीदारणीनं पेनड्राइव्ह कनवटीला खोचला. “माझा आवाज दाबून तू वरडतीस, तेबी हाय का यात?”

“समदं हाय,” म्या म्हटलं. दोघी रडता रडता हसलो.

गाडी गेल्यावर मामांनी विचारलं, “कुणाचं नाव घेतल्यावर चालली गं?” म्या पदरात तोंड लपवलं.

आता तूच लवकर ये, पोरी, फाइलीचं नाव बदलायला. न्हाय, राहू दे ते नाव. नुसती ये.