यादीतलं बारावं घर

संक्रांतीनंतरचा रविवार, दुपारी चार. ठिकाण: झाशी, आमची रेल्वे कॉलनी. हजर: मी, माझी मुलगी रेवती, शेजारच्या शुक्ला भाभी.

आधीच सांगते, मी असल्या गोष्टी मानत नाही. माझं घर पंचवीस वर्षं याद्यांवर चालतं. रेवती कानपूरला हॉस्टेलवर राहून शिकते, पण चारचौघांत तोंड उघडत नाही. नोकरीचा इंटरव्ह्यू तोंडावर आलेला. म्हणून हळदीकुंकवाचं बोलावणं करायला तिलाच पाठवलं... अकरा घरं, प्रत्येक घरी पाच मिनिटं बोलायचं, मग खूण.

परतली ती चक्क हसत. अकरा खुणा झालेल्या, आणि सगळ्यांत वर तिच्या अक्षरात एक जास्तीचं नाव – लेलेकाकू.

“हे काय?”

“सुरुवात तिथूनच केली. पाण्याच्या टाकीमागे, त्यांच्या ओट्यावर बसल्या होत्या. म्हणाल्या, घाबरतेस कशाला? आधी समोरच्याला विचार, जेवलात का. पुढचं तोच बोलतो. तीनदा म्हणून घेतलं माझ्याकडून.”

मी संतापले. लेलेकाकू दिवाळीआधीच वारल्या. रेवतीला कळवायचं राहिलं होतं. शुक्ला भाभींना घेऊन आम्ही तिथे गेलो. दाराला कुलूप, ओट्यावर बोटभर धूळ.

“बिटिया, मज़ाक कर रही हो?”

“आंटी, झूठ बोलना आता तो वायवा में चुप बैठती क्या?”

मग माझ्याकडे वळून म्हणाली, “आई, लग्न होऊन आलीस तेव्हा तूही भाजीवाल्याला घाबरायचीस ना? काकूंनीच तुला शिकवलं म्हणे – भैया, खाना खाया?”

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. पुढे लेलेकाका गेले, तेव्हा रीत म्हणून काकूंचं नाव मीच हळदीकुंकवाच्या यादीतून खोडलं. मग बोलणंही तुटलं.

भास म्हणणाऱ्यांनी भाजीवाल्याचं तिला कुठून कळलं ते सांगावं. मला तर रागच येतो. दोन वर्षं मी तक्ते करून दिले, व्हिडिओ दाखवले, आणि या बाईनं दहा मिनिटांत काम केलं! इंटरव्ह्यूत रेवतीनं म्हणे साहेबांनाच विचारलं, “सर, खाना खाया?” नोकरी मिळाली.

बोलावलेली बाई आली नाही तर वाण तिच्या घरी पोचवायचं, हा नियम माझाच. यंदा वाणाच्या अकरा वाट्या गेल्या. बारावी फडताळात आहे, तिळगुळासकट. रेवती रोज फोनवर विचारते, “आई, जेवलीस? वाण दिलंस?”

वाटी घेऊन टाकीपर्यंत जाते. तिथून परत येते.