मशीनला नातेवाईक नसतात

"मशीनला नातेवाईक नसतात," असं म्हणून मालक तोंडातलं पान या गालातून त्या गालात सरकवायचे. म्हणजे विषय संपला.

उदगीरला माझ्या फर्निचरच्या दुकानासमोर त्यांची लाकडाची मिल होती. मी मिस्त्री, ते मालक. स्वतःच्या मोठेपणाची गोष्ट सांगणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मालकांची गोष्ट भूकंपापासून सुरू व्हायची. "भूकंप झाला अन् मी उभा राहिलो," असं ते भर बैठकीत सांगायचे. नव्यानं वसलेल्या गावांना दारं-चौकटी त्यांनी पुरवल्या, हे खरं. पण समोर बसलेल्याच्या घरातलं कोणी त्यात गेलंय का, हे आधी बघावं, एवढं माप त्यांना कधी घेता आलं नाही.

पुढे लातुरात क्लासेसचं पीक आलं. बाकं, टेबलं, होस्टेलच्या दुमजली खाटा. मालक पुन्हा उभे राहिले. त्याच भरात त्यांनी लेसरचं मशीन आणलं. ओंडका पट्ट्यावरून सरकायचा, लाल रेघा त्याच्या अंगावरून फिरायच्या आणि पडद्यावर लांबी, जाडी, घनफूट, कितवा नग, सगळं उमटायचं.

पूजेला सगळा बाजार बोलावला. पहिल्या ओंडक्याला झेंडूचा जाडजूड हार घातला, नारळ फोडला, बटण दाबलं. ओंडका टेपच्या मापापेक्षा चांगलाच गलेलठ्ठ निघाला.

"बघा, देवाची कृपा!" मालकांनी हात जोडले.

लातूरच्या क्लासमधून त्यांची मुलगी सुट्टीला आली होती. तिनं पुढे होऊन हार काढला आणि ओंडका परत आत घातला. कृपा लगेच उतरली.

मशीन कळत होतं ते तिलाच. कंपनीचा माणूस समजावून सांगत होता, तेव्हा मालक त्याला भूकंप सांगत होते. मुलगी दर सुट्टीत यायची, काच पुसायची, सालीसाठी किती वजा धरायचं ते बसवून द्यायची. आणि मालक गिऱ्हाइकाला छाती काढून सांगायचे, "हा उजेड लाकडाच्या पोटात जातो." उजेड नुसता वरून फिरायचा. पोटात काही जात नव्हतं.

एकदा माझ्या सागाचं माप कमी आलं.

"मालक, टेप लावून बघा की."

"मिस्त्री, मशीनला नातेवाईक नसतात."

मुलगी डॉक्टर होणार, हे मालकांनी सगळ्या उदगीरला सांगून ठेवलं होतं. तिला विचारायचं तेवढं राहिलं होतं. निकाल लागला आणि मार्क असे पडले, की पेढ्यांची दिलेली ऑर्डर परत घ्यायला माणूस धाडावा लागला.

"पेपर तपासायच्या मशीनमध्येच बिघाड हाय!" मालक मिलच्या दारात ओरडत होते. "पोरीनं काळे केलेले उत्तराचे गोल नीट वाचलेच न्हाईत त्यानं. नांदेडचा वकील लावतो मी!"

"मालक," मी म्हणालो, "मशीनला नातेवाईक नसतात."

आजही मला त्याचं वाईट वाटत नाही.

मालक माझ्याकडे वळले, पण बोलली मुलगी. करवत बंद होती, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं.

"बाबा, मशीन बरोबर हाय. निम्मे गोल मीच कोरे सोडले."

"का?"

"मला डॉक्टर न्हाई व्हायचं. हितं काम करायचंय. कितीदा सांगायला आले, तुम्ही ऐकूनच घेत न्हाईत."

"हमालांत उभी राहणार तू?"

"हाव."

मालक जवळच्या ओंडक्यावर बसले. पान थुंकायचंही त्यांना सुचेना.

मग त्यांनी मुलीशी बोलणं सोडलं, मशीनवर बारदान टाकलं आणि स्वतः टेप घेऊन मोजू लागले. जळकोटचं लाकूड बिलोलीच्या गिऱ्हाइकाच्या नावावर चढलं. रोज भांडणं. एका दुपारी दोन ट्रक एकदम आले. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होते आणि मालक ढिगावर चढून टेपचं दुसरं टोक धरायला माणूस शोधत होते. मुलगी घरातून आली. बारदान काढलं, काच पुसली, मशीन सुरू केलं. ओंडके सरकू लागले, तसे मालक खाली उतरून हळूच तिच्या शेजारी येऊन उभे राहिले.

"हा उजेड लाकडाच्या पोटात जातो," त्यांनी ड्रायव्हरला सांगितलं.

मुलीनं त्यांना दुरुस्त केलं नाही.

महिनाभरात गोष्ट तयार झाली. "डॉक्टरकीत काय ठेवलंय? मीच म्हणलं पोरीला, मिल बघ." हिशेब, गिऱ्हाईक, सगळं ती बघायची. मालक खुर्चीत बसून 'माझी मिल, माझं मशीन' म्हणायचे.

काही वर्षांनी त्यांची छाती भरली. लाकडाचा भुसा जन्मभर नाकातोंडात गेलेला. लातूरच्या दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा एक तरुण डॉक्टरीणबाई त्यांना तपासत होती. मालकांना बोलताना धाप लागत होती, तरी बोलायचं थांबत नव्हते.

"घर बांधायला काढलं तर चौकटी उदगीरहून न्या, बाई," ते म्हणाले. "माझ्या पोरीची मिल हाय तिथं. माप लई चोख."

मुलगी खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. मी पाण्याची बाटली भरून आणतो म्हणून बाहेर आलो. बाटली भरलेलीच होती.

दुसऱ्या दिवशी गेलो, तर आया त्यांच्या रिकाम्या खाटेवर धुतलेली चादर घालत होती.