आमच्या पत्त्यावरची मुलगी

हे मी कुणाजवळ बोललेली नाही. नवऱ्याजवळ नाही, बहिणीजवळ नाही, देवासमोर हात जोडतानासुद्धा नाही — तिथे मी गुडघेदुखीबद्दल बोलते आणि उठते. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि ओळखत असाल तर... असू दे. आता सुरुवात केलीच आहे.

गोष्ट एका फोनची आहे. चार मिनिटांचा असेल. पण एकदम तिथे मला जाता येत नाही. आधी मनीषाबद्दल सांगू का?

मनीषा, तिचा नवरा संजय आणि मुलगी गौरी सोलापूरहून कॅनडात आले, तेव्हा पहिले सात महिने ओकव्हिलला आमच्या बेसमेंटमध्ये राहिले. नात्यातले नव्हेत, मनीषा माझ्या धाकट्या बहिणीची मैत्रीण. गौरी आणि माझी इरा एका वयाच्या. दोघी एकाच सप्टेंबरात नववीत गेल्या, घरापासून बारा मिनिटांवरच्या सरकारी इंग्रजी हायस्कूलमध्ये. इथे शाळा मिळते ती राहत्या पत्त्यावर. डोनेशन नाही, ओळखपाळख नाही, मार्कसुद्धा नाहीत. तुमचा रस्ता ज्या शाळेच्या हद्दीत, ती शाळा तुमची. म्हणून आमच्याकडे लोक घर घेताना आधी शाळा बघतात आणि मग छप्पर गळतंय का ते.

मार्चमध्ये संजयला हॅमिल्टनला पोलादाच्या कारखान्यात नोकरी लागली. तिकडे भाडंही कमी होतं. मनीषा म्हणाली, शाळेला कळवते आणि गौरीचं नाव तिकडे घालते. त्यावर मी — हो, मीच — म्हणाले, "काही कळवू नकोस गं. चांगली रुळली आहे पोर. पत्ता राहू दे आमचा, कोण विचारतंय?" पुण्यात माझी स्वतःची अॅडमिशन आत्याच्या पत्त्यावर झाली होती. आपल्याकडे याला कुणी खोटं म्हणतं का? मामाचं रेशनकार्ड, काकाचं विजेचं बिल — घरातल्या घरात चालायचंच. मनीषा दोन दिवस नको नको म्हणत होती. तिला भीती वाटत होती. तिची भीती मी घालवली. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मग गौरी रोज सकाळी हॅमिल्टनहून गो-ट्रेनने, म्हणजे इथल्या लोकलने, यायची आणि स्टेशनवरून बसने शाळेत. जानेवारीत उणे वीस असताना सुद्धा. शाळा सुटली की इराबरोबर आमच्याकडे, संध्याकाळच्या गाडीपर्यंत. आल्या आल्या आधी बूट नीट लावायची — स्वतःचेही आणि इराने भिरकावलेलेही. मला मावशी म्हणायची. शाळेच्या कागदावर मी खरोखरच तिची मावशी होते. फोन नंबर माझा, पत्ता माझा.

आता त्या शाळेचं थोडं सांगायला हवं, नाहीतर माझ्या पोटात नेमकं काय दुखत होतं ते कळायचं नाही. इथे तुकड्या नसतात. ठरलेला बाक नाही, ठरलेले सवंगडी नाहीत. सहामाहीला चारच विषय, सव्वा-सव्वा तासाचा एकेक तास, घंटा झाली की पोरं पाठीवर दप्तर टाकून पुढच्या खोलीत. आणि नंबर नाहीत. पहिली कोण, दुसरी कोण, कुणी सांगत नाही. मी शाळेत असताना माझा नंबर कधी तिसऱ्याखाली गेला नाही, आणि गेला त्या वर्षी आईने माझ्याशी दोन दिवस बोलणं टाकलं होतं. अशा बाईला तुम्ही नंबर नसलेल्या शाळेत मुलगी घालायला सांगता — ती काय करणार? ती रिपोर्ट कार्डवर इराच्या मार्कांशेजारी छापलेला वर्गाचा मधला मार्क बघणार, आणि वरचा कुणाचा असेल याचा अंदाज बांधत बसणार.

मला अंदाज बांधावा लागला नाही. जूनमधलं शेवटचं रिपोर्ट कार्ड पोस्टाने घरी येतं. आमच्या पेटीत दोन पाकिटं यायची.

दहावीच्या जूनमध्ये मी गौरीचं पाकीट फोडलं. चुकून — असं मनीषाला सांगितलं. तीही हसून म्हणाली, "ताई, तुमचंच घर आहे, फोडा की." गणितात इराला एक्याण्णव होते. गौरीला अठ्ठ्याण्णव. सायन्समध्येही तसंच. इंग्रजीत — अहो, इंग्रजीत! माझी मुलगी इथे जन्मलेली, आणि ही सोलापूरहून येऊन दोन वर्षं झालेली, तिला तीन मार्क जास्त. मी ते कार्ड पुन्हा पाकिटात घातलं, गौरीला मिठी मारली, तिच्यासाठी श्रीखंड केलं. मिठी खोटी नव्हती. पण रात्रभर ते तीन मार्क दाढेत अडकल्यासारखे सलत राहिले. अकरावीच्या जूनमध्ये मी पाकीट फोडताना चुकून वगैरे म्हणायचंही सोडून दिलं.

बारावीच्या ऑक्टोबरमध्ये एका मोठ्या शिष्यवृत्तीचं घरात रोज बोलणं व्हायचं. देशभरातून मुलं निवडतात, पण प्रत्येक शाळेने नाव मात्र एकच पाठवायचं. एकच. तीन वर्षं ज्या शाळेने नंबर लावला नव्हता ती आता लावणार होती. अर्ज दोघींनी भरले. आमच्याच टेबलावर बसून, एकमेकींचे निबंध तपासत.

आणि फोन आला.

मंगळवार होता. मी घरून काम करत होते, जेवणाच्या सुट्टीत मेथी निवडत होते. व्हाइस प्रिन्सिपल बाई बोलत होत्या. आवाजात हसू होतं. त्यांनी मला आधी सांगितलं की बातमी चांगली आहे आणि अजून कुणाजवळ बोलायची नाही — शाळेने गौरीचं नाव निवडलं आहे. समितीतल्या सगळ्यांचं एकमत झालं, म्हणाल्या. गौरीला शुक्रवारी बोलावून सांगणार होत्या. तोवर फॉर्मवर घरचा पत्ता पक्का करून घ्यायचा होता. "शी स्टिल लिव्ह्ज विथ यू, राइट?"

नुसता उपचाराचा प्रश्न. मी "येस" म्हटलं असतं की फोन संपला असता. तीन वर्षं प्रत्येक सप्टेंबरात मी त्याच प्रश्नाला येस लिहून सही केली होती.

मी म्हणाले, नाही.

थांबा. एवढंच असतं तरी म्हणता आलं असतं की खरं बोलले. खरं बोलायला मी तोच मंगळवार का निवडला, ते तुम्हीही ओळखलंत आणि मीही. पण मी पुढे बोलले. पलीकडे बाईंनी कागद चाळल्याचा आवाज आला, आणि मला माझ्या तीन सह्या दिसल्या. घाबरले. म्हणाले — अगदी शुद्ध, ऑफिसातल्या इंग्रजीत म्हणाले — की ते लोक इतके दिवस आमच्याकडेच होते, आत्ता सप्टेंबरअखेरीस हॅमिल्टनला गेले. शाळेला त्यांनी कळवलं असेल असं मी धरून चालले होते. कळवलं नाही? अरेरे. आय अॅम सो सॉरी टू हिअर दॅट.

आणि मग शेवटी, मेथीची जुडी हातात धरून, विनंती केली — माझं नाव सांगू नका. नाजूक संबंध आहेत.

त्यांनी नाही सांगितलं. शब्दाच्या पक्क्या निघाल्या.

कुंपणच शेत खातं, अशी म्हण मी शाळेत वाक्यात उपयोग करून लिहिली होती. पूर्ण मार्क मिळाले होते.

शुक्रवारी गौरीला बोलावलं, पण वेगळ्याच कारणासाठी. खोटा पत्ता. महिनाअखेर तिला हॅमिल्टनच्या शाळेत जायला सांगितलं. तिथे या सहामाहीचे विषय निम्मे होऊन गेले होते, आणि तिला हवं होतं ते कॅल्क्युलस त्या सहामाहीला नव्हतंच. निवड झाली होती हे तिला कुणी सांगितलं नाही. सांगून करायचं काय, असं शाळेला वाटलं असेल. म्हणजे शाळेतली ती तीन-चार माणसं सोडली, तर हे फक्त मला माहीत आहे.

रविवारी मनीषा आली. संजयही आला, दाराशीच उभा राहिला, आत यायला तयार होईना. तुम्हाला काय वाटतं, भांडायला आली असेल? ती माझी माफी मागायला आली होती. "ताई, आमच्यापायी तुमचं नाव शाळेत खराब झालं असेल हो." रडत होती. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते. मग तिने विचारलं, "कुणी सांगितलं असेल?" मी म्हणाले, आजकाल सगळं कॉम्प्युटरवर असतं गं, त्यांना आपोआप कळतं. आणि चहा टाकला. साखर जास्त पडली होती, तरी ती पूर्ण प्यायली.

शाळेने मग इराचं नाव पाठवलं. पुढच्या फेरीतही ते पोचलं नाही. साधी मुलाखतसुद्धा नाही. इराने खांदे उडवले आणि म्हणाली, "इट वॉज ऑलवेज गोइंग टू बी गौरी, मॉम." मी तिच्यावर ओरडले. इतकी ओरडले की नवरा जिन्यावरून धावत खाली आला. त्याला वाटलं, निकालाचं दुःख झालंय मला.

गौरीने कॅल्क्युलस पुढच्या सहामाहीत केलं, टोरोंटोचे अर्ज हुकले, हॅमिल्टनलाच विद्यापीठात गेली, घरून ये-जा करत. त्यात वाईट काय, असं मी स्वतःला कितीदा विचारलं आहे. चांगलं विद्यापीठ आहे. चांगली मुलगी आहे. पण हा हिशोब करायचा अधिकार मला कुणी दिला? तिच्या बापाने दोन हिवाळे अंधारात उठून गाडीवरचा बर्फ काढून तिला स्टेशनवर सोडलं होतं. ते दोन हिवाळे मी चार मिनिटांत पुसले, आणि वर त्याच माणसाला खोटारडा ठरवलं. त्यानंतर तो आमच्याकडे एकदाही आला नाही. लाज वाटते म्हणतो, मनीषा सांगते. त्याला लाज वाटते!

यंदाच्या दिवाळीत गौरी एकटीच फराळाचा डबा घेऊन आली. आता नोकरीला लागणार आहे. बूट काढले, नीट लावले, इराचेही लावले. इरा वर फोनवर होती. मी ताटली भरत होते तेव्हा ही ओट्याला टेकून सहज बोलली, अगदी सहज, जुन्या शाळेचा विषय निघाला म्हणून.

"मावशी, यू नो, आधी मला खूप वाईट वाटायचं. की स्कूल सुटलं नसतं तर मे बी स्कॉलरशिपला माझं नाव गेलं असतं. बट ऑनेस्टली? मी एवढी गुड नव्हते. एक्सेप्ट केलंय मी ते. इट्स ओके."

मला ठाऊक होतं. जगात त्या क्षणी त्या ओट्याशी एकाच बाईला ठाऊक होतं की ती एवढी गुड होती, सगळ्यांच्या एकमताने होती. एक वाक्य पुरलं असतं. माझं नाव न घेताही सांगता आलं असतं.

मी म्हणाले, "चकली घे अजून."

तिने घेतली.