न चाखलेला फारोफा

फारोफा करायला अक्कल लागत नाही, सबुरी लागते, आणि ती माझ्याकडे कधीच नव्हती. लोण्यात कांदा-लसूण परतायचा, त्यात कसावा नावाच्या कंदाचं जाडसर पीठ घालायचं आणि मंद आचेवर हलवत राहायचं. दिसायला रव्यासारखं, म्हणून मी पहिल्यांदा रवा भाजावा तशी निवांत भाजायला गेले आणि फोन वाजला म्हणून दोन मिनिटं पाठ फिरवली. पीठ करपलं. दुसऱ्यांदाही करपलं. तिसऱ्यांदा आच इतकी बारीक ठेवली की पीठ कच्चंच राहिलं. मुलीने एक घास खाल्ला आणि म्हणाली, "आई, ही वाळू आहे."

हा ब्राझीलचा पदार्थ. तिकडे भात आणि काळ्या घेवड्याच्या उसळीबरोबर तो थोडासा वाढतात, आपल्या ताटात डावीकडे चटणी-कोशिंबीर असते तसा. जपानात, ग्योतोकुमधल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात, पुण्याहून आणलेल्या कढईत मी तो कशासाठी परतत बसले होते हे सांगायचं, तर आधी शेजारणीबद्दल सांगायला हवं.

आमच्या शेजारच्या घरात साठीची एक बाई एकटी राहायची. तिचे आजोबा जपानमधून ब्राझीलला शेतमजुरीसाठी गेले होते. ती तिथेच जन्मली, वाढली आणि चाळिशीनंतर जेवणाचे डबे भरायच्या एका कारखान्यात कामाला म्हणून इकडे आली. चेहरा जपानी आणि जपानी भाषा माझ्याइतकीच मोडकी. स्टेशनवर लोक तिच्याशी भराभर बोलायचे आणि ती गडबडली की तिच्याकडे विचित्र नजरेने बघायचे. माझ्याकडून निदान कुणाची अपेक्षा तरी नसायची. माझी मुलगी तिला तिया म्हणायची, म्हणजे त्यांच्याकडची मावशी. मग आम्हीही तियाच म्हणू लागलो. मला ऑफिसातून यायला उशीर झाला की तिया पाळणाघरातून मुलीला घेऊन यायची आणि आपल्या घरी बसवायची. परक्या देशात असं माणूस शेजारी मिळायला नशीब लागतं, हे मला तेव्हाही कळत होतं. नुसतं कळून काय उपयोग म्हणा.

ओळख झाल्यावर महिन्याभरातच तिने पहिला डबा आणून दिला. झाकण उघडलं तर पिवळसर पीठ आणि त्यात तळलेले तपकिरी तुकडे. मांसच ते, मी लगेच ताडलं. आम्ही शाकाहारी. मी डबा कचऱ्यात उपडा केला, तीन वेळा घासला, आणि रिकामं भांडं परत करू नये या आईच्या शिकवणीला जागून त्यात चकल्या भरून दिल्या. "कसा होता फारोफा?" तिने दारातच विचारलं. "छान होता," मी म्हणाले.

आम्ही मांस खात नाही, एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. ते मला जपानीत येत नव्हतं असंही नाही. या देशात पाय ठेवण्याआधी मी जी चार वाक्यं पाठ केली, त्यांतलं पहिलं तेच. हॉटेलात, कोंबिनीत म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात, पाकिटांवरच्या अक्षरांवर बोट ठेवून मी ते बेधडक म्हणायचे. पण हौसेने डबा घेऊन दारात उभ्या राहिलेल्या बाईला ते कसं सांगायचं? भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. त्या दिवशी गिळलेलं वाक्य पुढे दोन वर्षं घशातच राहिलं.

कारण डबे येत राहिले. दर दोन-तीन आठवड्यांनी एक. मी तो घ्यायचे, वाकून आभार मानायचे, दार लावायचे, आणि बघायचीसुद्धा किळस म्हणून तोंड फिरवून वर्तमानपत्रावर उपडा करायचे. पुडी बांधून, इथे वेगळा ठेवावा लागतो त्या जाळायच्या कचऱ्यात. मग डब्यात कधी शिरा, कधी शंकरपाळे. माझं दिलेलं ती आवडीने खायची आणि दुसऱ्या दिवशी त्यावर बोलायची. शंकरपाळ्यांसारखं काहीतरी तिची आजीही तळायची, हे तिने मला तीनदा तरी सांगितलं असेल. मी मान डोलवायचे आणि स्वतःला फार सुसंस्कृत समजायचे.

मग एका सकाळी घाई होती. मुलीचा एक बूट सापडत नव्हता, नवरा आतल्या खोलीत मिटिंगमध्ये होता, आणि घरात वर्तमानपत्र नव्हतं. मी आदल्या संध्याकाळी आलेला डबा तसाच कचऱ्याच्या पिशवीत रिकामा केला आणि पिशवी घेऊन खाली उतरले. इथली कचऱ्याची पिशवी आरपार दिसते. ती तशीच असावी लागते, आत काय आहे ते दिसावं म्हणून. त्या आठवड्यात कचऱ्यावर लक्ष ठेवायची पाळी तियाची होती. कावळ्यांनी पिशव्या फोडू नयेत म्हणून टाकायची जाळी हातात धरून ती उभी होती.

मी पिशवी ठेवली. पिवळं पीठ आणि त्यातले तपकिरी तुकडे प्लॅस्टिकला चिकटले होते. तिने पाहिलं. मग माझ्या पिशवीवर जाळी नीट ओढली, चारी बाजूंनी, आणि म्हणाली, "गुड मॉर्निंग. उशीर होतोय ना तुला? जा."

त्यानंतर डबा आला नाही. मुलीला मात्र ती पूर्वीसारखीच आणायची, सांभाळायची. आणि मला काय वाटलं? सुटल्यासारखं वाटलं. हे लिहायची लाज वाटते, पण तसंच वाटलं. न बोलताच काम झालं, असं मी नवऱ्याला हसत सांगितलंसुद्धा. वर्षभराने ती नोकरी सोडून मुलाकडे, दूरच्या एका गावी राहायला गेली. निरोपाला मी तिला कागदात छान गुंडाळलेला टॉवेलचा सेट दिला, जसा इथे कुणालाही देतात. तिने दोन्ही हातांनी घेतला.

ती जाऊन सात-आठ महिने झाले असतील. चतुर्थी होती, मी साबुदाणा भिजवत होते. साबुदाणा ज्या कंदाचा करतात, त्याच कंदाचं फारोफाचं पीठ, हे तियाने मुलीला सांगितलं होतं म्हणे. मुलगी आता दुसरीत आहे. अर्ध्या जपानीत, अर्ध्या मराठीत ती म्हणाली, "म्हणून तर ती म्हणायची, तुझ्या आईला माझा फारोफा उपासाला चालेल. फक्त कांदा-लसूण काढायला लागेल."

"त्यात मांस असतं," मी म्हणाले.

"आपल्या डब्यात नसायचं. मी पहिल्यांदाच तिला सांगितलं होतं, आम्ही खात नाही म्हणून. मग तिने आपल्यासाठी वेगळी कढई आणली. तिच्यात ती दुसरं काहीच करायची नाही. आपल्या फारोफात केळं असायचं, तळलेलं. मी तिच्याकडे गेले की खायचे. तू नाही खाल्लास?"

वेगळी कढई. हे दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. आपल्या सोवळ्याओवळ्याचा मान राखायला सातासमुद्रापलीकडची एक बाई, एका लहान मुलीच्या एका वाक्यावर, स्वयंपाकघरात दुसरी कढई ठेवते, आणि मी तिच्या केळ्याच्या कापांना मांस समजून तोंड फिरवते.

मग पीठ मागवलं आणि ते तीन प्रयत्न झाले. चौथ्याच्या आधी मी तियाला फोन केला. पाककृती विचारायची आहे असं म्हणाले, कारण सरळ बोलायची सवय मला अजूनही नव्हती. तिने सगळं सांगितलं. पीठ घातल्यावर हात थांबवायचा नाही, केळं फार पिकलेलं घ्यायचं नाही. मी लिहून घेतलं. मग पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "तिया, तुम्ही दिलेला एकही डबा मी खाल्ला नाही. मांस आहे असं वाटायचं. विचारायला हवं होतं. माझं चुकलं. मला माफ करा."

मग ती म्हणाली, "अस्सं. मांसामुळे होय. मला वाटलं, माझ्या हातचं तुला नको आहे." आणि हसली. खरंच हसली, बरं वाटल्यासारखी. मुलगी किती उंच झाली ते विचारलं. माझाही जीव भांड्यात पडला.

फोन ठेवता ठेवता ती सहज बोलून गेली. "इथे आमच्या वरच्या मजल्यावर एक व्हिएतनामी मुलगी राहायची. एकटी, आणि कडेवर तान्हं बाळ. खूपदा वाटलं, डबा न्यावा. केलाही होता एकदा. पण तिलाही नको असेल तर, असं वाटलं. मग नाही नेला. गेल्या महिन्यात ती गेली कुठेतरी."

तियाने मला माफ केलं, ते तिच्या हातात होतं. त्या मुलीचं दार कुणी वाजवलं नाही, आणि ती कुठे गेली ते तियालाही ठाऊक नाही.