दगड जागेवर गेला का?

परबकाका गेल्याची बातमी मला घाटकोपरच्या छापखान्यात कळली. नव्या पत्रकाचं प्रूफ तपासत होते. आमच्या वस्तीतली आनंदीमावशी धापा टाकत जिना चढून आली आणि म्हणाली, "काका गेले गं. सकाळी काकींकडे चहा मागितला, आणि चहा येईपर्यंत…" मी तिला म्हटलं, "एक मिनिट थांब." प्रूफवरच्या नकाशात उत्तरेचा बाण राहिला होता, तो आधी पेनाने काढला. मग तिथेच कागदाच्या गठ्ठ्यांवर मटकन बसले. या गोष्टीला पाच आठवडे झाले, मावशीने मला अजून माफ केलेलं नाही. पण बाण न काढता मी रडायला बसले असते, तर काकांनी मला माफ केलं नसतं. दोघांपैकी एकालाच खूश ठेवता येत होतं.

काका मोजणीच्या कचेरीतून निवृत्त झालेले ड्राफ्ट्समन. मुलुंडला दोन खोल्या, त्यातली एक नकाशांच्या गुंडाळ्यांनी भरलेली, काकी म्हणायच्या, "आमच्याकडे पाहुणा आला की आधी गुजरात उचलून ठेवावा लागतो." एरवी ते साधं मराठी बोलत, चिडले की मालवणी. आमची पहिली भेट अर्थातच मालवणीत झाली. नाहूरच्या आमच्या वस्तीवर नवा रस्ता येणार आणि घरं पाडणार अशी नोटीस लागली होती, आणि मी मुलुंडच्या बाजारात पत्रकं वाटत होते. या गृहस्थांनी पत्रक घेतलं, वीस पावलं गेले आणि परत आले.

"ह्यो नकाशो कोणी काढल्यान गो?"

"मी."

"उत्तर खंय आसा?"

"आमची घरं पाडायला निघालेत, आणि तुम्हाला बाण हवाय?"

"पाडूक येतत तेंका तरी कळाक होया, खंय पाडूचा ता!"

मी त्यांना प्रस्थापितांचे दलाल म्हटलं. ते म्हणाले, "ठीक आहे, पण रविवारी खरा नकाशा घेऊन घरी ये."

रविवारी मी दोन नकाशे घेऊन गेले. जुन्या सरकारी नकाशात आमची घरं होती, रस्ता नव्हता. कचेरीने नुकत्याच आणलेल्या कॉम्प्युटरवर काढलेल्या नव्या नकाशात रस्ता होता, आणि आमची घरं बरोब्बर त्याच्या मधोमध. माझ्या पत्रकाचा मथळा तयार होता : 'नकाशातला दरोडा!' काका दोन तास भिंग घेऊन बसले. मग त्यांनी खिशातला रुमाल काढला आणि स्वतःच्या टकलावर पसरला. "बघ. डोकं गोल, रुमाल सपाट. चुण्या पडणारच. त्या कुठे पाडायच्या आणि मोजायला कुठून सुरुवात करायची, हे प्रत्येक नकाशा आपलं आपलं ठरवतो. तुमची घरं एका खुणेपासून मोजलेली, रस्ता दुसऱ्याच खुणेपासून. मशीनला ते कोणी सांगितलंच नाही. त्याने दोन्ही खुणांची शून्यं एकावर एक ठेवली. सगळी घरं शंभरेक पावलं पूर्वेला सरकली."

"म्हणजे बिल्डरने पैसे चारले नाहीत?"

"नाय गो."

खरं सांगते, मला फार वाईट वाटलं. टकलावर रुमाल घेतलेल्या माणसासमोर बसल्या बसल्या माझा खलनायक हातचा गेला होता. चुणीविरुद्ध मोर्चा कसा काढायचा?

पण चूक सिद्ध करायची, तर जुन्या नकाशावरची एक तरी खूण जमिनीवर दाखवायला हवी. वस्तीच्या कोपऱ्यावर मोजणीचा दगड होता, तो नकाशातही होता. काका मोजायची चेन, टेप, छत्री असा सरंजाम घेऊन आले. दगडाच्या जागी आमच्या संघटनेचा झेंडा फडकत होता.

"दगड खंय?"

आनंदीमावशी तिच्या नळापाशी कपडे धूत होती, तिने हातातली चादर थांबवली. "हा काय. झकास आहे हो काका, साबण कमी लागतो."

"उखडला कोणी?"

अख्ख्या वस्तीने माझ्याकडे बघितलं. संघटनेच्या स्थापनेच्या सभेत 'सरकारी दगड आम्हाला मान्य नाहीत!' असं गरजून मी तो स्वतःच्या हाताने उपटला होता आणि त्याच खड्ड्यात झेंडा रोवला होता. टाळ्या भरपूर पडल्या होत्या… चाळीस घरांचा एकुलता एक पुरावा, आणि त्यावर मावशी परकर आपटत होती.

"खड्डा आहे ना जागेवर," मी म्हटलं.

"कचेरीतले साहेब म्हणतील, खड्डा तुम्हीच पाडलात. खोटं आहे का?" काका छत्रीवर रेलले. मग म्हणाले, "आता असं काहीतरी हवं, जे दोन्ही नकाशांत आहे आणि तुला उपटता येत नाही." आणि एकदम हसायला लागले. "ती मोजणीची कचेरी! दोन वर्षं तू ती उखडून टाकायच्या घोषणा देतेस. अजून आहे की तिथेच!"

नोटिशीवरच्या सुनावणीला काकांनी मला तोंड उघडायचं नाही अशी शपथ घातली. सुनावणी त्याच कचेरीतल्या कॉम्प्युटरच्या खोलीत, थंडगार. धूळ नको म्हणून सगळ्यांनी चपला-बूट बाहेर काढलेले. साहेब मोज्यांवर. ते म्हणाले, "हे बघा, कॉम्प्युटर चुकत नाही."

"बरोबर आहे, साहेब," काका नम्रपणे म्हणाले. "मग याच नकाशावर आपली ही कचेरी दाखवता?"

साहेबांनी बोट फिरवलं. एका जागी थांबलं. परत फिरवलं, तिथेच थांबलं.

"नाल्यात," काका म्हणाले. "वस्तीइतकीच सरकली आहे. आपण दोघं आत्ता नाल्यात बसलोय."

आणि साहेबांनी पाय वर घेतले. माझ्या डोळ्यांनी बघितलंय मी. मोज्यातले दोन्ही पाय, खुर्चीच्या आडव्या दांडीवर. शिपाई खाली वाकून फरशी बघायला लागला. मी शपथ पाळली, पण पदर तोंडात कोंबून.

महिन्याभराने नवा नकाशा आला, रस्ता वस्तीबाहेरून गेला. मी पत्रक काढलं, 'चोरांचा पराभव!' काकांनी ते लाल पेन्सिलीने दुरुस्त करून परत पाठवलं. 'चोरांचा' खोडून 'चुकीचा', आणि खाली : 'दगड कोणी उखडला, तेही छाप.' मी छापलं नाही. विजयाच्या पत्रकात असलं कोण छापतं? त्यानंतर दर रविवारी काकांचा एकच प्रश्न, "दगड जागेवर गेला का?" मी म्हणायचे, पुढच्या रविवारी. दगड परत पुरायचा तर झेंडा उपटावा लागत होता, आणि तो मी रोवला होता. असे कितीतरी रविवार गेले… मग काकाच गेले.

आज छापते. दगड मी उखडला. घरं जाता जाता वाचली, ती माझ्या घोषणांनी नाही.

गेल्या रविवारी झेंडा उपटून चार हात बाजूला लावला. काकींनी दिलेली काकांची टेप धरून दगड पुरला आणि त्यावर चुन्याने उत्तरेचा बाण काढला. मावशी कमरेवर हात ठेवून बघत होती. "नळ तिथे आणि दगड इथे? मी काय रोज बादल्या वाहू?"

"हो," मी म्हटलं.

आता ती रोज सकाळी बादली घेऊन दगडाकडे जाते, आणि जाता जाता मोठ्याने मला शिव्या देते. चुन्याचा बाण दर दोन दिवसांनी साबणाने जातो. मी परत काढते.