चिंध्यांचा पांढरा ढीग

दिवाळी संपली की आमच्याकडे दान येई. म्हणजे पोती येत. यवतमाळातली चांगली चांगली घरं कपाटं आवरत आणि कुणालाच देता येणार नाही ते आमच्या फाटकाशी आणून टाकत. एका बाहीचा ब्लाऊज, गुडघ्याला भोक पडलेली पँट, नाडी नसलेला परकर. मी तेव्हा पंचविशीची, राग नाकाच्या शेंड्यावर, आणि बाभुळगाव रस्त्यावरच्या अंध बायांच्या निवासी संस्थेत हस्तकलेची शिक्षिका. पहिल्याच वर्षी एका गृहस्थांना मी फाटकात अडवून विचारलं, "काका, हा बनियन तुम्ही घालाल का?" ते पुन्हा आले नाहीत. संस्थेचे सचिव सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, आम्ही त्यांना सचिवकाका म्हणायचो. त्यांनी मला खोलीत बोलावून चांगली समज दिली.

संस्थेत काही वाया घालवायचं नाही हा नेम मी येण्याच्या आधीपासूनचा. भांडी राखेनं घासायची आणि ते पाणी केळीला सोडायचं. कापसाच्या वाळल्या झाडांच्या पऱ्हाट्या चुलीला. भाजीची देठं, पालापाचोळा, शेण आणि माती थराथरानं विटांच्या भोकाभोकाच्या टाक्यात रचायची, वरून लिंपायचं, आणि काही महिन्यांनी टाकं उघडलं की आत काळंभोर खत. टाकं उघडायचा दिवस म्हणजे आमच्याकडे सणच. सगळ्या बाया मूठ मूठ खत नाकाशी धरून "पिकलं, पिकलं!" म्हणत. चिंध्यांचं मात्र काय करायचं ते कुणाला सुचत नव्हतं. पायपुसणी विणून विणून दारांपेक्षा पायपुसणी जास्त झाली होती.

मग एका प्रदर्शनात मी हातकागद पाहिला. जाड, खरबरीत, कडा न कापलेल्या. विकणाऱ्याला विचारलं, हा कशाचा? तो म्हणाला, सुती चिंध्यांचा. झालं! परतीच्या एसटीत मला बसवेना. जागा असून मी दांडा धरून उभी राहिले आणि संस्थेत शिरल्या शिरल्या ओरडले, "बायांनो, आपल्या चिंध्यांचा कागद होतो!"

पुढचे दोन महिने मी सगळ्यांचं डोकं खाल्लं. कुठल्याशा बंद पडलेल्या केंद्रातलं लगदा कुटायचं जुनं यंत्र सचिवकाकांनी अर्ज करकरून मिळवलं आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलं. ते चालू करायला लोहारा गावचे एक मिस्त्री आले. बाया त्यांना चाचा म्हणत. चाचांनी यंत्राभोवती तीन चकरा मारल्या. "हे तं माह्या आज्याच्या वयाचं हाय," ते म्हणाले, "पन हाड मजबूत हाय." चौथ्या दिवशी ते धडधडत सुरू झालं तेव्हा शेडचे पत्रे थरथरले, माझ्या वर्गातल्या बारा जणींनी टाळ्या वाजवल्या आणि मी चाचांसाठी जिलेबी आणायला सायकलवर पळाले.

आता अडचण निवडायची होती. कागद होतो तो फक्त सुताचा. टेरीकॉटची एक चिंधी आत गेली तरी तिचा लगदा होत नाही, दोऱ्यांचे गुंते कागदात तसेच राहतात. मला वाटलं, हे काम डोळसांचं, आपणच करू. मी ढिगासमोर बसले आणि पहिल्याच पोत्यात फसले. चांगला मांजरपाटासारखा दिसणारा सदरा टेरीकॉट निघाला.

ते दाखवून दिलं पुसदकडच्या एका मुलीनं. मुलगी म्हणते, पण तिशीची होती. बारीक अंगाची, बोलायला कमी, संस्थेत दोन वर्षांच्या शिक्षणासाठी आलेली. घरी तिनं लहानपणी हातानं कापसातली सरकी काढलेली. तिनं सदऱ्याचं टोक बोटांत चोळलं, मग ओठाला लावलं.

"सूत ओठाले चिकटते, मॅडम. हे घसरून राह्यलं. हे सूत नोहे."

मी काडी पेटवून दोरा जाळला. त्याचा कडक मणी झाला. टेरीकॉटच! मला इतका आनंद झाला की हरल्याचं वाईट वाटायचं राहूनच गेलं. आम्ही दोघींनी शर्यत लावली, एक पोतं माझं डोळ्यांनी, एक तिचं हातांनी. ती तासाभरात मोकळी झाली, एकही चूक नाही. माझ्या सात चुका. "डोये मिटा न, मॅडम," ती म्हणाली, "मंग जमते." मी डोळे मिटले, आणि खरंच जमायला लागलं.

त्यानंतर त्या शेडमध्ये डोळ्यांना कामच उरलं नाही. बारा जणी ओळीनं बसत, चिंधी बोटांतून ओठाकडे, ओठाकडून डाव्या नाहीतर उजव्या टोपलीत. बटणं आणि हुक काढून डब्यात, टेरीकॉट पायपुसण्यांना, सूत विळ्यावर तुकडे करून पोत्यात. मीही डोळे मिटून बसे. पाहुणे आले की अभिमानानं सांगे, इथे सगळं हातांनी चालतं. एकदा त्या पुसदच्या मुलीनं विचारलंही, "मॅडम, रंगाचं काय?" मी घाईनं म्हटलं, "रंगाचं आपल्याला काय करायचंय?" आणि विषय बदलला. संस्थेत आम्हा डोळसांची ती रीतच होती. बायांपुढे रंगाचं नाव काढायचं नाही, त्यांना वाईट वाटेल. तसं आम्हाला कुणी शिकवलेलं नव्हतं. बायांना खरंच वाईट वाटतं का, हे कुणी विचारलंही नव्हतं.

ती वर्षं कापसाच्या पडझडीची. भाव बसलेला, खरेदीला विलंब, गाड्यांच्या रांगा, आणि व्यापारी मिळेल ते छप्पर साठवणीला मागत हिंडायचे. एकानं आमच्या शेडवर डोळा ठेवला. सचिवकाकांनी मला सरळ सांगितलं, "गावातल्या एका शाळेच्या संमेलनाची प्रशस्तिपत्रं छापायचीत, मुख्याध्यापकांना पांढरा हातकागद हवाय. तो पसंत पडला तर शेड तुमची. नाही तर कापसाची."

शेड गेली असती तर मला दुसरं काम मिळालं असतं. त्या पुसदच्या मुलीला नसतं मिळालं. संस्थेचा नियम असा की शिक्षण संपलं की घरी जायचं. संस्थेत काम असेल तरच राहायचं. तिची दोन वर्षं त्याच महिन्यात संपत होती आणि तिच्या भावाला न्यायला येण्याचं पत्रही गेलं होतं. घरी काय करशील, मी विचारलं. "खाटंवर बसन," ती म्हणाली. "वयनी चांगली हाय माही. कशालेच हात लावू देत नाही, लागन म्हनते. सकाळी बसवते, संध्याकाळी उठवते." ते ऐकून मला त्या न पाहिलेल्या वहिनीचा असा संताप आला!

आम्ही झपाटून कामाला लागलो. कापायचं, झटकायचं, भिजवायचं. चाचा यंत्राजवळ ठाण मांडून. पहिला घाणा आत टाकला, पाणी सोडलं, पट्टा फिरायला लागला. बाया आवाजावरून सांगत होत्या, आता जड चाललं, आता सुटलं. मी मुद्दाम डोळे मिटून ऐकत उभी होते. तेवढ्यात चाचा म्हणाले, "मॅडम, कागद लाल पायजे होता का?"

मी डोळे उघडले. हौदात लगदा होता, मऊ, एकजीव, एक गाठ नसलेला. आणि स्वच्छ गुलाबी. लाल लुगडी, हिरवे परकर, निळ्या लुंग्या, पांढरी धोतरं, सगळं सूत म्हणून एका टोपलीत गेलं होतं. त्यातलं सगळ्यात कच्चं होतं ते लाल, आणि तेच सगळ्यांवर चढलं.

"काय झालं?" एकीनं विचारलं. गुलाबी झालं, हे चाचांनीच सांगितलं. ब्लिचिंग पावडर टाकू म्हणाले, पण मग ते पाणी केळीला देता आलं नसतं, म्हणून बाया एका सुरात नाही म्हणाल्या. तेवढ्यात सचिवकाका आले, वाकून हौदात पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "कुणी निवडलं हे?"

मी म्हणणार होते, चूक झाली, बायांना दिसत नाही. खरंच म्हणणार होते. त्याआधी ती पुसदची मुलगी बोलली.

"काका, सूत आमी निवडलं, त्यात गलती दाखवा. रंग आमाले कोनं सांगितलाच नाही. मी इचारलं तं मॅडम म्हने, काय करायचंय रंगाचं."

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..." मी सुरुवात केली.

"काहून वाटन? मले सात वर्षाची होतो तवरिक दिसत होतं. लाल मले मालूम हाय, हिरवा मालूम हाय. दोन साल झाले, तुमी एकडाव इचारलं नाही. आमच्या वयनीसारख्याच हा तुमी."

मला चपराक बसली. ज्या वहिनीला मी मनातल्या मनात फाडून खात होते, तिच्याच रांगेत मला नेऊन बसवलं तिनं, आणि जागा अगदी माझीच होती. मी रडले. सगळ्यांसमोर, नाक ओढत. मग ती म्हणाली, "रडा मंग, पन टाइम नाही आपल्यापाशी. पांढरं कोनतं ते सांगा."

शाळेला कागद द्यायला आठ दिवस उरले होते. मी ढिगाजवळ उभी राहिले आणि बोलायला लागले. लाल. लाल. पिवळा, खाली हिरवा काठ. मातकट. पांढरा! माझ्या प्रत्येक "पांढरा"ला बारा जणी "आलं!" म्हणत. आणि मग जे सुरू झालं ते मी कधी विसरणार नाही. माही साडी कोन्ती हाय? माही? माह्या बांगड्या? एकीला कळलं की ती वर्षभर जांभळं पातळ नेसत होती आणि तिला जांभळा लहानपणापासून आवडायचा. ती उठून दोनदा गोल फिरली. एका आजीला कळलं की तिचं लुगडं हिरवंगार आहे. "व माय! आन् मी समजत होतो, राखी असन!" म्हणत ती इतकी हसली की तिला ठसका लागला. जन्मापासून न दिसणाऱ्या दोघींनी विचारलं, हिरवा कसा असतो, आणि पुसदच्या मुलीनं सांगितलं, टाकं उघडून खतावर पहिलं पानी पडलं का वास येते न, तो त्याच्या बाजूचा. मला असं सांगता आलं नसतं.

पण पांढरं कमीच पडलं. लोक पांढरं टाकत नाहीत, आणि टाकतात ते शाळेचे टेरीकॉटचे सदरे. संध्याकाळी ढीग कंबरेइतकाही नव्हता. सगळ्या बसल्या. मग ती म्हणाली, "आमच्या चादरी कोनत्या रंगाच्या होय?"

"पांढऱ्या," मी म्हटलं, आणि मला कळलं ती काय म्हणतेय.

"सुताच्या हायत हे मले मालूम हाय. दोन साल झोपलो त्याच्यावर. रंगच तेवढा मालूम नोहता."

काही वाया न घालवणाऱ्या त्या घरात आम्ही चालत्या चादरी फाडल्या! बाया दोन्ही टोकं धरून ओढायच्या, टर्रकन आवाज आला की सगळ्या हसायच्या. सचिवकाका आवाज ऐकून धावत आले. "संस्थेची मालमत्ता आहे ही!" मग त्यांनी एक चादर उचलून खिडकीकडे धरली. ठिगळाला ठिगळ, त्यातूनही उजेड येत होता. "या चादरी आहेत की चाळण्या?" ते म्हणाले, आणि जाताना दार ओढून घेतलं. थंडीचे दिवस होते, आम्ही सतरंजीवर गोधड्या ओढून काढले. गुलाबी लगद्याचेही आम्ही कागद काढले. त्यांचे लिफाफे झाले.

पांढरे कागद वाळले त्या सकाळी मुख्याध्यापक आले. त्यांनी एक कागद उन्हाकडे धरला, बोटानं टिचकी मारली, उलटा करून पाहिला. बारा जणींचे श्वास ऐकू येत होते. "मजबूत आहे हो," ते म्हणाले. "पुढच्या वर्षीचाही तुमच्याकडूनच घेईन." माझ्या तोंडून किंकाळीच निघाली. चाचांनी यंत्राच्या पत्र्यावर पाना वाजवला. सचिवकाकांनी त्याच दिवशी व्यापाऱ्याला नाही म्हणून कळवलं आणि कामगारांच्या यादीत पहिलं नाव तिचं लिहिलं.

चारच दिवसांनी तिचा भाऊ आला. पुसदहून एसटी बदलत बदलत, डोक्याला रुमाल, हातात तिचं सामान न्यायला रिकामी पिशवी. बिचाऱ्याचे डोळे भरून आले होते. ती निवडायला बसली होती. त्याचा आवाज ऐकून ती हसली, पण उठली नाही. त्यानं तिच्या हातातली चिंधी काढून घेतली आणि म्हणाला, "चाल बाई, लय कष्ट केले तू. आता घरी आराम कर."

तिनं चिंधी परत घेतली, ओठाला लावली आणि उजव्या टोपलीत टाकली.

"जेवून जाजो, दादा," ती म्हणाली. "मले सुट्टी नाही."